अपूर्व कामाबद्दल जाहीर आभार

"हे बघ जास्मिन, माणूस पोलिसाला भीत न्हाय, वकिलाला भीत न्हाय. माणूस भितो फक्त अब्रूला! चार दिवसांत तो डिझायनर आपल्या उंबऱ्यात येऊन उभा राहतो का न्हाय, बघच तू!"

अंथुर्ण्यात पाण्याच्या मोटारी आणि पाइप विकणाऱ्या मुजफ्फरभाईंनी हे वाक्य असं टाकलं, की जणू निकाल लागलाच! त्यांची बायको जास्मिन बेडरूममध्ये, पलंगावर ताट घेऊन, कांदा चिरत होती.

कारण स्वयंपाकघर तीन महिन्यांपासून जायबंदी होतं. बारामतीच्या राजवर्धन नावाच्या इंटिरियर डिझायनरनं ते फोडून 'मॉड्युलर' करायला घेतलं होतं. कपाटं बसली, दारं बसली नाहीत. सिंकच्या जागी चौकोनी भोक होतं. त्यातून शेजारचं मांजर रोज डोकं काढून पाहणी करून जाई. ड्रॉवर उघडायचा तर आधी गॅसचा सिलिंडर अंगणात न्यावा लागे.

"शेवटचा हप्ता टाका सर, लगेच दारं पाठवतो," राजवर्धन म्हणे.

"दारं पाठव, लगेच हप्ता टाकतो," मुजफ्फरभाई म्हणत.

तीन महिने दोघांची हीच कव्वाली! मग राजवर्धननं फोन उचलणंच सोडलं. इकडे जास्मिनचा केक शिकवायचा क्लास सोमवारी सुरू व्हायचा होता. अकरा जणींनी फी भरली होती, आणि ओव्हन हॉलच्या कोपऱ्यात चादर पांघरून नवरीसारखा बसून होता.

"त्या पोरींना मी काय पलंगावर केक शिकवू?" ती एकदाच म्हणाली. पण त्या एका वाक्यानं मुजफ्फरभाईंची झोप उडाली. त्यांनी थेट फ्लेक्स लावायचं ठरवलं. तोही बारामतीत, राजवर्धनच्या ऑफिसच्या अगदी समोर!

दुकानातूनच त्यांनी फ्लेक्सवाल्या सुयोगला खणखणीत आवाजात व्हॉइस मेसेज पाठवला. "लिही! आमच्या किचनचं अपूर्ण काम करणारे डिझायनर राजवर्धन यांचा जाहीर..."

नेमकं त्याच क्षणी कामगारानं पाच एचपीची मोटार चालू करून बघितली. 'निषेध' मोटारीच्या पोटात गेला.

"भाई, छापायच्या आधी एकदा नजर टाकता का?" सुयोगनं विचारलं.

"नजर कशाला? माझा शब्द म्हंजे शब्द! पहाटं लावून मोकळा हो."

गुरुवारी सकाळी पहिला फोन आला.

"मुजफ्फरभाई का? मी लासुर्ण्याचा गेणूतात्या. बारामतीत तुमचा बोर्ड वाचला."

"वाचला ना तात्या? कसा हाणलाय?"

"त्येच इचारायचंय! कशानं हाणला? माझ्या लेकाच्या खोलीतलं कपाट दोन वर्सं बिनफळ्यांचं हाय. अन् तुमचं काम त्यानं पुरं केलं? पुरं? कुठं गाठला त्याला?"

मुजफ्फरभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "तात्या... बोर्डावर लिवलंय तरी काय?"

तात्यांनी फोटो पाठवला. सोनेरी चौकट, चारी कोपऱ्यांत गुलाब, मध्ये हात जोडलेले, गॉगलमधले मुजफ्फरभाई. खाली त्यांचा मोबाइल नंबर. आणि वर भलीमोठी अक्षरं: 'आमच्या किचनचं अपूर्व काम करणारे डिझायनर राजवर्धन यांचे जाहीर आभार!'

"अरे, अपूर्ण! अपूर्ण म्हणालो होतो मी!" ते सुयोगवर कडाडले.

"भाई, मला अपूर्व ऐकू आलं. अन् 'जाहीर'च्या पुढं मोटारच वाजली. पंधरा वर्षांत 'जाहीर'च्या पुढं मी आभार न्हायतर सत्कारच छापलाय!"

"आत्ताच्या आत्ता उतरव!"

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. राजवर्धन! स्वतःहून!

"सर..." तो म्हणाला. "माझ्या आयुष्यात कुणी असं केलं नाही हो. सकाळपासून इंदापूरची एक पार्टी मागं लागलीय, तुमचं किचन बघायचंय म्हणून. रविवारी सकाळी दारं, सिंक, मिस्त्री, सगळं घेऊन येतो. हप्त्याचं मागाहून बघू!"

मुजफ्फरभाईंनी फोन ठेवला, मिशीवरून बोट फिरवलं आणि सुयोगला कळवलं, "राहू दे. डाव होता आपला."

फोन मात्र थांबेनात. काटेवाडीच्या द्वारकाबाई, त्यांच्या बेडरूमचं छत अर्ध्यावर लटकलेलं. निमगावचा डॉक्टर, त्याच्या दवाखान्यात खुर्च्या आल्याच नव्हत्या. सगळ्यांना एकच कोडं, या माणसाकडून काम पुरं करून घेतलं कसं? मुजफ्फरभाईंनी प्रत्येकाला ऐटीत सांगितलं, "रविवारी या. दाखवतो!"

रविवारी टेम्पोभर दारं, प्लायवूड, दोन मिस्त्री आणि हातात पुष्पगुच्छ घेऊन राजवर्धन हसत हसत हॉलमध्ये शिरला. समोर सात जण रांगेनं चहा पीत बसले होते. ते चेहरे बघितल्यावर पुष्पगुच्छ हळूहळू खाली आला. मागं गेणूतात्यांनी दाराला कडी घातली.

"बसा सायेब," तात्या म्हणाले. "दोन वर्सांनी दर्शन दिलंत."

पुढचा अर्धा तास जो गलका झाला, त्यात छताला हादरे बसले. शेवटी जास्मिन उठली. टेबलावर तिनं हप्त्याचं पाकीट ठेवलं आणि त्यावर हात ठेवला.

"आधी माझं किचन. प्रत्येक दार मी उघडून-झाकून बघणार. सिंकमधून पाणी सोडणार. शेवटचा स्क्रू बसला की पाकीट तुमचं. ओरडायचं काम न्हाय."

संध्याकाळी सहाला शेवटचा स्क्रू बसला. ड्रॉवर सिलिंडर न हलवता उघडला! जास्मिननं तो तीनदा उघडला, तीनदा मिटला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली. राजवर्धनला पाकीट मिळालं. इंदापूरची पार्टी दारातली गर्दी बघून गाडीतून न उतरताच परत फिरली.

"आता आमचं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"करतो ना मॅडम, उद्या वर्कशॉपला जाऊन..."

"वर्कशॉप न्हाय!" तात्या गरजले. "हा नजरंआड गेला की संपला. आमच्यातला दमदार माणूस येकच, मुजफ्फरभाई! त्येंच्या डोळ्यांपुढं सगळ्यांचं काम व्हऊ द्या. मशीन हितंच लावा!"

सातही जणांनी टाळ्या वाजवल्या. मुजफ्फरभाईंची छाती फुगली. जास्मिननं डोळे वटारले, मान हलवली, बाही ओढली. पण तोवर शब्द तोंडातून गेला होता.

"लावा!"

सोमवारी क्लास झकास सुरू झाला. अकरा जणी किचनमध्ये क्रीम फेटत होत्या. हॉलमध्ये करवत किंचाळत होती, सोफ्यावर द्वारकाबाईंचं छत आडवं पडलं होतं, आणि राजवर्धन जास्मिनला विचारत होता, "मॅडम, जेवायला काय आहे?"

मुजफ्फरभाई बाहेर पायरीवर, भुसा पडू नये म्हणून कपावर हात धरून, चहा पीत होते. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं हाक मारली, "काय भाई, झालं का किचन?"

"झालं की! एक नंबर झालं!" भाई रुबाबात म्हणाले. मग आवाज जरा खाली घेऊन पुटपुटले, "हॉल तेवढा गेला."