गॅलरीतला त्रासलेला माणूस

आपल्याला पगाराशिवाय दुसरं काहीच उत्पन्न नाही, हे माझ्या लक्षात यायला बावन्न वर्षं लागली. तेही आपणहून आलं नाही. बायकोने आणून दिलं.

"अहो, तळमजल्यावरचे गुणाजी बघा," विनिता म्हणाली. "पार्किंगची जागा केकवाल्याच्या स्कूटरला दिलीय. समोरची श्वेता सकाळी ऑनलाइन मराठी शिकवते, तेही कुठल्यातरी कोरियन माणसाला. चोणकरांनी तर भिंतीला भोकं पाडायचं मशीन भाड्याने लावलंय. आपल्याकडे काय आहे?"

आपल्याकडे मी होतो. पण मला भाड्याने कोणी नेणार नाही, याबद्दल आम्हा दोघांचं एकमत होतं.

उरली गॅलरी. अंधेरी पूर्वेला आमचा तिसरा मजला आणि मेट्रोचा पूल यांच्यात इतकंच अंतर आहे की, सकाळी माझ्या ताटलीत पोहे आहेत की उपमा, हे डब्यातल्या माणसाला सांगता येतं. (एकदा एकाने अंगठा दाखवून "छान" म्हटलं होतं. उपमा होता.) येणारी-जाणारी प्रत्येक गाडी आमच्याकडे बघते, मग बघायचे पैसे का घेऊ नयेत? ही कल्पना माझी. पुढे विनिताने ती सगळ्या नातेवाइकांना माझीच म्हणून सांगितली, तेव्हा आता नाकारण्यात अर्थ नाही.

जाहिरातींचं काम करणारा विपुल नावाचा एक चुणचुणीत मुलगा घाटकोपरहून आला. गॅलरीत उभा राहून त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, ही तर प्राइम लोकेशन आहे!"

माझ्या मालकीच्या कुठल्याही गोष्टीला आजवर कोणी प्राइम म्हटलं नव्हतं. मी भारावून सही केली. जाहिरात कशाची, हे विचारायचं राहूनच गेलं. माझ्या डोळ्यांपुढे सोन्याचे दागिने होते. विनिताच्या डोळ्यांपुढे पैठणी होती.

शनिवारी आम्ही बोरिवलीला एका साखरपुड्याला गेलो होतो. परत आलो तर खाली चार-पाच माणसं मान वर करून उभी. गॅलरीच्या ग्रिलवर पिवळाधमक बॅनर होता. त्यावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं :

अजून होत नाही?
घ्या मोकळीक चूर्ण!

आणि 'अजून होत नाही'च्या बाजूने एक लालभडक बाण वरच्या दिशेने निघाला होता.

मी विपुलला फोन लावला. "अरे, हा बाण कशाला दाखवतोय?"

"काका, वर एका त्रासलेल्या माणसाचा फोटो होता. तुमच्या ग्रिलची हाइट कमी पडली, म्हणून फोटो कापला. बाण मस्त आलाय, म्हणून ठेवला."

असेल बुवा, म्हणून मी फोन ठेवला. आता मला सांगा, यात गैर काय होतं? बाण आकाशाकडे जात होता. आकाशाला कसलाच त्रास नसतो.

सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे बनियनवर, हातात चहा घेऊन मी गॅलरीत गेलो आणि मोबाइलवर ऑफिसचे मेसेज वाचू लागलो. ऑफिसचे मेसेज वाचताना माझा चेहरा कसा होतो, हे मला माहीत नव्हतं. ते त्या दिवशी सगळ्या अंधेरीला कळलं. गाडी आली, डब्यातली माणसं आधी बॅनर वाचू लागली, मग बाणाच्या दिशेने वर बघू लागली आणि मग एकदम सगळ्यांचे मोबाइल वर झाले. मला वाटलं, विमानतळ जवळ आहे, एखादं विमान फार खालून जात असेल.

दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो व्हिडिओ आमच्या ऑफिसात पोचला होता. शेजारच्या टेबलावरच्या हेमांगीने माझ्यापुढे पपईचा डबा सरकवला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"हरेश्वर, कामाचं एवढं टेन्शन घ्यायचं नाही रे. घरी जा आज. आराम कर. निवांत बस."

'निवांत बस' म्हणताना त्यांचा आवाज इतका मायेचा झाला की मला भरून आलं. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला या माणसाने मला अर्धा दिवस दिला नव्हता!

घरी विनिता फोनवर होती. पलीकडे मुलुंडची मेहुणी.

"नाही गं, तुझ्या भावजींना काही झालेलं नाही! ...अगं, म्हणजे होतं! रोज होतं!" विनिताने फोन आपटला आणि माझ्याकडे वळली. "आत्ताच्या आत्ता तो बॅनर काढा. माझ्या माहेरी तुमच्या पोटावर चर्चा चाललीय."

मी कात्री घेऊन गॅलरीत निघालो, इतक्यात बेल वाजली. दारात विपुल, हातात पेढ्यांचा पुडा.

"काका, पाया पडतो! मेट्रोच्या खालच्या सगळ्या मेडिकलमध्ये माल संपला. कंपनी म्हणते, भाडं डबल. फक्त तुम्ही रोज सकाळी गर्दीच्या टायमाला तासभर उभं राहायचं. बनियनवरच. आणि तो चेहरा पाहिजे."

"कुठला चेहरा?"

"हाच," विपुल आणि विनिता एकदम म्हणाले.

कात्री विनितानेच माझ्या हातातून काढून घेतली.

आता सोसायटी गप्प बसेल का? सेक्रेटरी अण्णांनी तातडीची मीटिंग बोलावली. "ही सुशिक्षित माणसांची सोसायटी आहे," अण्णा गरजले. "आपल्या बिल्डिंगला रिक्षावाले आता काय म्हणतात माहीत आहे? 'चूर्णवाली बिल्डिंग'! या नंदकिशोर चोणकरांच्या मुलीला बघायला येणाऱ्यांना पत्ता कसा सांगायचा?"

"लिफ्टवाली बिल्डिंग तरी कुठे म्हणता येते?" चोणकर पुटपुटले. लिफ्ट दिवाळीपासून बंद होती आणि त्यांचे गुडघे दिवाळीच्या आधीपासून.

मी चाचरत म्हटलं, मिळकतीतला अर्धा वाटा लिफ्टच्या दुरुस्तीला देईन. अण्णांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, शेवटी आरोग्याचा प्रश्न हा सामाजिक प्रश्न आहे आणि त्याबद्दलचा संकोच आपणच मोडला पाहिजे. ठराव एकमताने पास झाला. फक्त एक अट घालण्यात आली : सदर सदस्याने कामात हयगय करू नये.

अशा रीतीने बावन्नाव्या वर्षी मी मॉडेल झालो.

सुरुवातीचे दिवस झकास गेले. मी तोंड वाकडं करून उभा राहायचो, गाड्या यायच्या, लोक हसायचे, पैसे जमा व्हायचे. घोळ झाला तो इथेच. बँकेचा मेसेज बघून माणूस त्रासलेला कसा दिसणार? एक दिवस डब्यातल्या एका आजींनी मला हात केला. मीही केला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या डब्याने केला.

विपुल धावत आला. "काका, वाट लागली! सेल पडला. पब्लिक म्हणते, यांचं झालं."

"काय झालं?"

"तेच!"

मग घरच्यांनी कंबर कसली. आमची श्रुतिका सकाळी कॉलेजला जाण्याआधी पडद्यामागे उभी राहून मला माझं इन्क्रिमेंटचं पत्र मोठ्याने वाचून दाखवायची. विनिता माझ्याच हातून फसलेल्या गोष्टी सालवार सांगायची. अण्णा तर वर येऊन म्हणाले, "हरेश्वर, लिफ्टवाला उद्या येतोय. सोसायटीसाठी म्हणून तरी दुःखी हो." पण ही सगळी माणसं माझ्यासाठी इतकी झटताहेत, हे बघूनच मला गहिवरून यायचं आणि चेहरा पुन्हा खुलायचा.

कंपनीने तोडगा काढला. नवा बॅनर : 'झालं एकदाचं!' आता बाणाच्या टोकाला सुटकेचा, प्रसन्न चेहरा हवा होता. मी सुटकेचा निःश्वास टाकला. (तो वाया गेला. कॅमेरा अजून यायचा होता.) रविवारी फोटोवाला आला. मी दाढी करून, नवा शर्ट घालून गॅलरीत उभा राहिलो आणि हसलो.

विपुलने कॅमेऱ्यात बघितलं. पुन्हा बघितलं. "काका, वाईट वाटून घेऊ नका. ठरवून हसलात की तुमचं जास्तच अडकल्यासारखं वाटतं." मग हळूच म्हणाला, "खरं तर कंपनीने काकूंना पसंत केलंय. साडेनऊच्या मेट्रोतून त्यांच्या साहेबांनी बघितलं. काकू रोज गॅलरीत येतात तेव्हा काय चेहरा असतो त्यांचा! एकदम मोकळा!"

विनिता लाजली, पण पदर सारखा करून उभी राहिली. फोटोवाला म्हणाला, "स्माइल." हसू काही येईना. मी बाजूला उभा राहून धीर देत होतो, हनुवटी जरा वर घे, जरा खाली घे, असं सांगत होतो. तरी नाही. बारा-पंधरा फोटो फुकट गेले.

"काकू, रोज साडेनऊला हसता तसं हसा ना," विपुल काकुळतीला आला.

"अरे, रोज साडेनऊला," विनिता म्हणाली, "हे नुकतेच ऑफिसला गेलेले असतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. दुसऱ्या मजल्यावरही पोचलो नसेन, तोच वरून विपुलचा आवाज आला, "झकास, काकू! बस्स, असंच!"