कंकाळपूरच्या राणीचा निवद

मला पुरणपोळी खायची होती. गुन्हा म्हणाल तर एवढाच.

पण आमच्या आईचं ठरलेलं. "सण न्हाई, वार न्हाई, पुरण कशाचं घालू? तुह्या दहावी नापासाचं?"

आता सण काय आपल्या हातात नसतो. पण वार तर काढता येतो की!

त्या टायमाला मला मोबाइलवर एक ॲप सापडल्तं. तिथं कुणीबी उठावं अन् पुस्तक लिहावं. प्रकाशक न्हाई, मास्तर न्हाई, लाल पेन न्हाई. राक्षस, जादूगार, उडते रेडे, समदं फुकटात. तिथंच मला आष्टीचे बद्रीनाथ 'अग्निबाण' भेटले. फोटोत डोळ्यावर गॉगल अन् मागं खताच्या गोण्या (दुकान त्याहिचंच असावं). पुस्तक 'कंकाळपूरची राणी'. राणीचं नाव ज्वालाक्षी, डोळ्यातून आग काढती. दर मंगळवारी सकाळी नवा अध्याय.

एका अध्यायात लिहिल्तं, 'स्त्रियांनी एका कुमारास पुरणाचा नैवेद्य खाऊ घातला आणि राणी शांत झाली.'

माझी ट्यूब पेटली.

"आई, एक पोथी सापडली. ज्वालाक्षीमायची. आता मोबाइलवर आलीय."

"ही कोण माय?"

"लई कडक हाय. मंगळवारी घरच्या पोराला पुरण न्हाई घातलं तर म्हैस आटती म्हणतेत."

आमची म्हैस तशीबी आटायलाच आल्ती. आईनं तिच्याकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं पाह्यलं, अन् हरभऱ्याची डाळ शिजायला टाकली.

मंगळवारी मी आंघोळ करून बसलो (इथंच आईला शक यायला पाहिजे होता). मोबाइल पाटावर. आईनं त्याला हळदीकुंकू वाहिलं, तर पान फुडंच सरकंना. पुसून घेतलं. शेजारी माही चुलत बहीण आकांक्षा अक्षरावर बोट ठेवून बसली. आमच्याकडं पोथी वाचणाऱ्याच्या बाजूला एक जण असं बसतंच, एक अक्षर गाळलं की टोकायला. ती अकरावीला, तिला पहिल्या ओळीतच समदं कळलं.

"अर्धी पोळी," ती हळूच कानात म्हणली.

"पाव."

"अर्धी. न्हाई तर सांगते."

अर्धी ठरली.

फुडच्या मंगळवारी उषाबाई काकू आली, आकांक्षाची आई. मंग समोरच्या नंदामावशी आल्या. जी ती आपापला निवद घेऊन. मी खाऊन राह्यलो, राणी शांत होऊन राह्यली, अन् म्हैस चक्क दूध देऊन राह्यली. हे म्हशीचं काय मला बराबर वाटंना. थाप माही, अन् खरी होऊन राह्यली म्हशीत!

अन् मंग तो अध्याय आला. मी आपला लयीत वाचतोय, 'राणी कडाडली, "माझा नैवेद्य गिळणारा तो कुमार लबाड आहे! उभा करा त्याला माझ्यासमोर!" कुमाराचे पुढे काय झाले? वाचा पुढील मंगळवारी.'

माह्या हातातला घास तिथंच. बायाहिनी एकदम माह्याकडं पाह्यलं.

"कुमार म्हंजे आपला कल्याणच की," नंदामावशी म्हणल्या.

"आता पोथीत जे निघंल ते करावं लागंल," काकू म्हणली. "अर्धं सोडलं तर गावावर येतं."

 आईनं फकत ताट उचललं. माहं. भरलेलं.

मी पळत जाऊन अग्निबाणाची बाकीची पुस्तकं उघडली. म्हणलं, पाहू तरी हा माणूस पोरांचं काय करतो. एकात पोराला तेलाच्या कढईत टाकल्तं. दुसऱ्यात लाल मुंग्याच्या वारुळावर बसवल्तं. तिसऱ्यात मुंडण करून कोरड्या हिरीत उलटं टांगल्तं. एक पोरगं जित्तं ठेवलं असंल तर शपथ!

अन् काकूच्या वावरात कोरडी हीर हाय.

दुसऱ्या दिशी पाहतो तर काकूनं बाजारातून नवा दोर आणल्ता.

"काकू, दोर काहून?"

"लागतो कवाबी," काकू म्हणली, अन् दोर ताणून पाह्यला.

माहं तर जेवणच गेलं. आमटी पेली, जीभ पोळली. मला वाटलं, सुरू झालं राणीचं! गोठ्यात जावं तर म्हैस एकटक बघती. आधी अशी कधी बघत न्हवती ती. न्हावी गल्लीतून नुसता सायकलवर गेला तर मी संडासात जाऊन कडी लावली.

शेवटी अग्निबाणालाच मेसेज टाकला. 'सर, पोरगं मारू नका.'

लगेच उत्तर. 'आपण माझे पहिले वाचक आहात!!! पण पोरगं का मारू नको?'

मंग मी समदं लिहिलं. पोथी, पुरण, म्हैस, काकूचा दोर, समदं.

'म्हणजे चार स्त्रिया माझं लेखन ऐकतात???' इकडं माहा जीव चाल्ला अन् हा माणसं मोजून राह्यला!

'सर, पोराचं काय ते सांगा.'

'निश्चिंत राहा. माझा प्रकाशक मीच. मी कुणालाही जिवंत ठेवू शकतो.'

मंगळवार उजाडला. काकू दोर घेऊनच आली. (वाटंत शेळी बांधायचीय म्हणली. शेळी मला कुठं दिसली न्हाई.) मी पाटाफुडं बसलो. दोनदा भलतंच पान उघडलं, आकांक्षाचं बोट कुठं अन् अक्षर कुठं.

'राणीने तलवार उपसली... कुमार थरथरला... आणि राणी हसली. "जा बाळा, तुला अभय!"'

हुश्श! काय सांगू, त्या खुशीत माहा आवाजच वाढला. पोथीची लय धरून मी फुडं सुसाट वाचत सुटलो, 'लेखकाचे मनोगत. हा अध्याय केदारखेड्याच्या कल्याण यास अर्पण, ज्याने माझी काल्पनिक कथा ही देवीची पोथी आहे असे आईला सांगून पुरणपोळ्या खाल्ल्या...'

मी थांबलो. आकांक्षाचं बोट फुडं सरकलं.

"वाच," आई म्हणली. "अक्षर गाळू नको."

'...आणि ज्याने "सर, पोरगं मारू नका" अशी विनंती केली.'

 मी दाराचा अंदाज घेतला. दारात काकू, दोरासकट.

"म्हंजे ही देवी न्हाई?" नंदामावशी म्हणल्या.

"न्हाई."

"मंग लिहिलं कुणी एवढं?"

"आष्टीच्या खतवाल्यानं."

"लई झाक लिहितो गं बाई!" नंदामावशी म्हणल्या. "मला तर रडू आल्तं."

"त्यालाच बोलवा जेवायला," आई म्हणली. "निवद त्याचा. तो खाईल."

फुडच्या मंगळवारी अग्निबाण खरंच आले. एवढ्या लांबून, मोटरसायकलवर, गॉगल घालून. आईनं त्याहिला पाटावर बसवलं. पोळीवर पोळी, वर तुपाची धार. बाया इचारत्यात, "राणीचं लगीन कवा लावता?" अन् ते लाजून "बघू, बघू" करत्यात. मी त्याहिला वारा घालून राह्यल्तो. माह्या ताटात भाकर अन् ठेचा.

जेवता जेवता अग्निबाण माह्याकडं वळले. "पहिले वाचक तुम्ही. खरं सांगा, शेवट कसा वाटला?"

मी त्याहिच्या ताटातल्या पोळीकडं पाह्यलं.

"सर," मी म्हणलं, "पोरगं मारायलाच पाहिजे होतं."