वस्ती बघणारे बशीरचाचा

लग्नाला गेल्यावर माणसं आधी पंगत बघतात, आमचे बशीरचाचा मांडवामागची माती बघतात. खिशातला स्टीलचा चमचा काढायचा, उकिडवं बसायचं आणि ओलसर कोपरा बघून हलक्या हातानं उकरायचं. गांडूळ, गोम, मुंगी, काहीतरी वळवळताना दिसलं की चेहरा खुलतो. "वस्ती हाय," म्हणतात आणि मग जेवायला बसतात. नाही दिसलं, तर त्या दिवशी जिलेबीसुद्धा त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

वडगाव निंबाळकरच्या एका लग्नात नवरीच्या मामाला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय. तोही शोधायला बसला. त्याला बघून आणखी चार पाहुणे बसले. कुणी म्हणालं अंगठी, कुणी म्हणालं कुडी. अक्षतांची वेळ झाली तरी अर्धं वऱ्हाड मांडवामागं वाकलेलं! शेवटी चाचांनीच एक लालसर गांडूळ तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवलं. "गावलं!" तो मामा अजून माझ्याशी बोलत नाही, कारण चाचांना गाडीवर मीच नेलं होतं.

कळंबला त्यांचा आणि आमचा बांधाला बांध. त्यामुळे माझ्या रानाचीही झडती होते. उसाच्या मुळ्या कुरतडणारी हुमणी लागली की मी पावडर टाकायचो आणि चाचा बांधावर येऊन उभे राहायचे.

"हुमणीला मारू नको, तर काय ताट वाढू का चाचा?"

"हुमणी मेली रं दिल्या. बाकीच्यांनी तुझं काय खाल्लं हुतं?"

मग ढेकूळ फोडून दाखवायचे. आत काही नाही. गांडुळाचं भोक नाही, मुंगीचं घर नाही, भाजलेल्या विटेसारखी गप्प माती. "ही पावडर पाव्हणी म्हणून येती आन् घरजावयागत बसती. ऊस गेला, पाऊस गेला, ही हाय तितंच."

गंमत म्हणजे एके काळी पंचक्रोशीत त्या पावडरीचा एवढा मोठा भक्त दुसरा नव्हता. हातानं उधळायचे, भांगात पडलेली तशीच घेऊन चहाला यायचे. हमीदाचाची त्यांना दारातच झटकायच्या. चाची गेल्या आणि पुढं कधीतरी हे चमच्याचं खूळ सुरू झालं. एकट्या माणसाला काहीतरी विरंगुळा हवाच, असं म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं.

इंदापुरात त्यांच्या बहिणीचं घर आहे. तिच्या परसात कधी औषध पडलेलं नाही, त्यामुळं तिथली वस्ती दाट. चाचा दर थोड्या दिवसांनी भावाच्या मायेनं जातात आणि डबाभर ओली माती घेऊन येतात. एकदा एसटीत कंडक्टरनं विचारलं, "चाचा, डब्यात काय?"

"पाव्हणं."

शेजारच्या बाईंनी खाऊ असेल म्हणून कौतुकानं झाकण उघडलं. नंतर त्या कळंबपर्यंत उभ्यानं गेल्या म्हणे.

एवढी गांडुळं जातात कुठं, हे मात्र मला कळेना. चाचांच्या रानात सोडताना कुणी बघितलं नव्हतं. परवा मी इंदापुरातून निघालो होतो, तर चाचा स्टँडवर डबा मांडीवर घेऊन बसलेले. मागं बसवलं. ऊन कलत होतं, दोन्ही बाजूंना उसाला तुरे आलेले, सगळा रस्ता झोपेत चालल्यासारखा वाटत होता. गाव जवळ आलं तसा खांद्यावर हात पडला. "कबरस्तानापाशी थांब."

मी त्यांच्या मागोमाग आत गेलो. सगळ्या कबरींवर गवत माजलेलं, वाऱ्यानं हळूहळू हलत होतं. एकाच कबरीभोवती गोल जागा बोडकी होती. हमीदाचाचींची.

"पुरलं आन् दुसऱ्या दिशी माझ्या डोक्यात आलं, हिला मुंग्या चावतील," चाचा म्हणाले. "घरात पावडरीचं पोतं हुतं. आख्खं वतलं भवतीनं. लई जपलं बघ मी तिला."

ते खाली बसले. "जलमभर मुंग्यांस्नी पीठ घालायची ती. चुलीपाशी रांग लागायची, रांगेशी बोलायची. आन् मी तिच्या दारात एक मुंगी येऊ दिली न्हाय. इतकी वर्सं एकटी पडलीय."

चमचा आणि डबा घेऊन फिरणाऱ्या या माणसाला आम्ही वेडा म्हणत होतो.

त्यांनी बोडक्या जागेच्या बाहेर, गवताच्या कडेला चमच्यानं उकरलं आणि एकेक गांडूळ अलगद सोडलं. "मधी सोडली की मरत्यात. पयल्यांदा तीच चूक केली. आता काठाला सोडतो. त्यांस्नी सोसंल तशी सरकतील. औंदा गवत बोटभर आत आलंय, बघ."

मी बघितलं. खरंच आलं होतं.

"दिल्या, मी तिच्या शेजारी यायच्या आत पोचतील का रं?"

"पोचतील, चाचा," मी म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं.

त्यांनी डबा विसळून पाणी काठाला ओतलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्या बोडक्या मातीकडं बघून म्हणाले, "हमीदा, इंदापूरची मंडळी आणलीत. हळूहळू येतील. दार लावू नगंस."