डॉक्टरीणबाईंचा रिकामा व्हरांडा

बाजाराच्या दिवशी डॉक्टर धम्मशीला यांच्या दवाखान्यात भांडण झालं नाही, तर ताडकळस गावाला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. त्या दिवशीचं भांडण आश्रुबांवरून पेटलं. आश्रुबा पहिल्या एसटीने आले, व्हरांड्यातल्या बाकावर टेकले, आणि टेकल्या टेकल्या त्यांना डुलकी लागली. त्या डुलकीत त्यांचा नंबर आला आणि निघूनही गेला. जागे झाले तेव्हा आजूबाजूला सगळी वेगळीच माणसं बसलेली.

"माझा नंबर कोन खाल्ला?" आश्रुबा गरजले.

"नंबर काय शेंगदाने हायत का खायला?" समोरच्या बाकावरून चतुराबाई म्हणाल्या. "चांगलं हलवून उठवलं तुमाला. तर तुमी म्हनले, बैल सोड, मी आलोच."

व्हरांडा हसला. आश्रुबा आणखी भडकले. कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं, मागच्यांना वाटलं पुढे काहीतरी फुकट वाटतायत, म्हणून ते पुढे घुसले, आणि त्या रेटारेटीत दाराशी नंबर लावत बसलेल्या मनकर्णामावशींचं टेबल थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन पोचलं. मावशी टेबलाबरोबरच आत गेल्या.

हे सगळं औषधाच्या खिडकीतून सिद्धोधन बघत होता. डॉक्टरीणबाईंचा हा धाकटा भाऊ. पुण्याला 'ऑपरेशन्स रिसर्च' नावाचा विषय शिकून तो नुकताच घरी आला होता. माणसं तेवढीच, जागा तेवढीच, वेळ तेवढाच, तरी काम सुरळीत कसं करायचं, याचं ते गणित. परभणीच्या एका कॉलेजातल्या बन्सीधर सरांच्या हाताखाली त्याला पुढचं संशोधन करायचं होतं. पण सरांचा एकच हट्ट होता, "कागदावरचं गणित मला नको. कुठंतरी चालवून दाखव, मग बोलू."

दुपार टळून गेल्यावर ताई जेवायला बसली. डबा गार, भाकरी कडक.

"ताई, मला हा व्हरांडा दे," सिद्धोधन म्हणाला.

"ने. बाकासकट ने."

"तसं न्हाई गं. रांगेचं गणित करतो. तुझ्या पेशंटला ताटकळत बसावंच लागणार न्हाई."

ताईने भाकरीचा तुकडा मोडायचा प्रयत्न केला. तो मोडला नाही. "कर बाबा," ती म्हणाली, "काय करायचं ते कर. पण माझी माणसं सांभाळून."

दुसऱ्या दिवशी मनकर्णामावशींनी व्हरांड्यात उभं राहून सगळ्यांना बातमी दिली. "गप बसा समदे! बाईंचे भाऊ आलेत. ऑपरेशनचं लय मोठं शिकलेत. आजपासून समदं त्येच बघनार हायत."

 पुढच्या बाकावरचे आश्रुबा हळूच उठले आणि पार भिंतीला टेकले. "मला तसं कायबी न्हाई," ते म्हणाले. "जरा खोकला हाय. तोबी आता कमीच हाय."

"काका, ते ऑपरेशन वेगळं," सिद्धोधन घाईघाईने म्हणाला.

"येगळं म्हंजे? बिनटाक्याचं?"

त्या दिवसापासून तो 'ऑपरेशनवाले भाऊ' झाला. आपल्या विद्येचं नाव समजावून सांगायचा त्याने दोनतीनदा प्रयत्न केला, आणि दर खेपेला समोरचा माणूस पोटावर हात ठेवून मागे सरकला, तेव्हा त्याने तो नाद सोडला.

त्याचा पहिला नियम सोपा होता. ज्याचं काम थोडक्यात होणार, त्याने आधी आत जायचं. म्हणजे एका मोठ्या दुखण्यापायी दहा छोटी दुखणी अडून राहत नाहीत. पहिल्या सकाळी हा नियम झकास चालला. दुपारपर्यंत त्याची खबर सगळ्या गावाला लागली, आणि दुसऱ्या दिवशी पंचक्रोशीत कुणालाही मोठं दुखणं उरलं नाही.

"काय होतंय?" मावशी विचारायच्या.

"कायबी न्हाई," चतुराबाई म्हणाल्या. "नुस्तं बाईंना तोंड दावायचंय."

तोंड दाखवायला आत गेलेल्या चतुराबाई लवकर बाहेर आल्याच नाहीत. आत गेल्यावर त्यांनी दोन्ही गुडघे काढले, मग कंबर, मग रात्रीची झोप, मग सुनेचं पित्त, आणि उठता उठता लेकाचा स्वभाव. बाहेर मात्र खरोखर ताप असलेला, खोटं बोलायला न जमलेला एक मास्तर शेवटपर्यंत बसून राहिला.

सिद्धोधन हरणाऱ्यातला नव्हता. तो एसटी स्टँडवर जाऊन बसला. कुठल्या गावची गाडी कधी येते, टमटम कधी सुटते, हे त्याने पाहून घेतलं आणि प्रत्येक गावाला आपापली वेळ नेमून दिली. फुलकळसच्या लोकांनी सकाळी यायचं, धानोऱ्याच्या लोकांनी त्यांच्या गाडीने, ताडकळसच्यांनी गाड्या नसतील तेव्हा. यायच्या आधी मावशींना फोन करायचा. ज्याला जास्त त्रास, त्याला मावशी थेट आत सोडणार.

आणि हे जमलं! माणसं गाडीतून उतरत, सरळ आत जात, औषध घेऊन बाहेर पडत. हळूहळू व्हरांडा मोकळा झाला. बाकांवर ऊन पडायला लागलं. कित्येक दिवसांनी ताईने गरम जेवण केलं, आणि पानावरून उठून ती घटकाभर नुसती खिडकीत उभी राहिली.

"सिद्धू, चिमण्या बोलायलेत बघ," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत ऐकूच आल्या न्हाईत."

सिद्धोधनची छाती फुगली. त्याने रिकाम्या बाकांचे फोटो काढले, निरनिराळ्या बाजूंनी काढले, आणि बन्सीधर सरांना पाठवले. सरांचं लगेच उत्तर आलं, "उत्तम! येत्या बाजाराच्या दिवशी मी स्वतः बघायला येतो."

बिघडलं ते इथून पुढे.

ताडकळसमध्ये डॉक्टर चांगला की वाईट, हे लोक रस्त्यावरूनच ठरवत. व्हरांड्यात माणूस मावत नसला की डॉक्टर हातगुणाचा. आता जाणारायेणारा आत डोकवायचा, रिकामे बाक बघायचा आणि पाय न ठेवताच पुढे जायचा. आधी लोक म्हणाले, बाई गावाला गेल्या. मग म्हणाले, बाई परभणीला नवा दवाखाना टाकायलेत. मग फोन करून वेळ घेतलेली माणसंही येईनाशी झाली. धानोऱ्याची गाडी आली आणि तिच्यातून फक्त कंडक्टर उतरला, तोही पाणी प्यायला.

"सिद्धू," ताई म्हणाली, "तुला रांग कमी कर म्हणलं होतं. पेशंट न्हाई."

"ताई, काहीतरी चुकायलंय. मावशी, लोक म्हणायलेत तरी काय?"

मनकर्णामावशींनी पदर सावरला. त्यांना सांगायचं नव्हतं आणि सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं. "म्हनायलेत की, भावानं ऑपरेशन केलं अन् ते बिघडलं. म्हून बाई तोंड लपवून गाव सोडायलेत."

"ऑपरेशन? कुणाचं?"

"ते प्रत्येकाचं येगळं हाय. कुनी म्हनतंय मानूस व्हता. कुनी म्हनतंय म्हैस."

ताईला हसू आलं, पण ते ओठापर्यंत येऊन विझलं. हा दवाखाना तिने भाड्याच्या एका खोलीत सुरू केला होता. पहिल्या वर्षी मावशीच तेवढ्या तिच्या पेशंट होत्या, आणि त्यांनाही काही झालेलं नसायचं. ती आत निघून गेली. सिद्धोधनला त्या रात्री जेवण गेलं नाही. उद्या बाजार, उद्या सर येणार, आणि त्यांना दाखवायला रिकामा व्हरांडा होता, अगदी त्याने फोटोत पाठवला होता तसाच.

सकाळी दवाखान्यात चिमण्या तेवढ्या होत्या. ऊन चढलं. बाजारात माणूस लोटला, पण दवाखान्याच्या पायरीवर कुणी चढेना. सिद्धोधन एका बाकावरून उठून दुसऱ्यावर बसत होता.

एवढ्यात फाटकाशी एक टेम्पो थांबला. त्यातून आश्रुबा उतरले. त्यांच्यामागे चतुराबाई, त्यांच्यामागे सून, आणि मग निम्मं गाव. सगळ्यांचे चेहरे मयतीला आल्यासारखे. सगळे ओळीने व्हरांड्यात येऊन बसले. मग डोक्यावरची टोपी नीट करून आश्रुबा उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "झालं ते झालं. मानसाच्या हातून व्हतं. पन तुमी गाव सोडू नका."

"अहो, पण झालंय काय?" ताई दारात आली.

"म्हैस माझी व्हती म्हनं. समदे म्हनायलेत. पन मी आत्ता बघून आलाव, माझी म्हैस गोठ्यात रवंथ करायलीय. तवा तुमच्या भावाला आमी माफ केलंय."

"मी म्हशीला हातसुद्धा लावला नाही!" सिद्धोधन ओरडला.

"आसू द्या, आसू द्या," आश्रुबा समजुतीने म्हणाले. "आमी कुटं काय म्हनायलाव?"

चतुराबाईंनी डोळ्याला पदर लावला. "बाई, माझ्या सुनंचं बाळंतपन तुमच्या हातचं. तुमी गेल्यावर ह्ये गुडघे मी कुनाला दावू? परभनीचा डाक्टर तर गुडघ्याकडं बघतच न्हाई, नुस्ता फोटूकडं बघतो."

ताई हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग दाराला धरून, मग मावशींच्या खांद्याला धरून. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते बघून बायकाही रडल्या, आणि बायका रडतायत हे बघून आश्रुबांनाही राहवेना. "कुठं न्हाई जात मी," ती कशीबशी म्हणाली. "आता आलाच आहात, तर बीपी तरी बघून जा सगळे."

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तोबा गर्दी आहे, ही खबर बाजारात पोचायला फार वेळ लागला नाही. गर्दी बघून माणसं थांबली, थांबलेली बघून आणखी आली. व्हरांडा भरला, पायऱ्या भरल्या, फाटकाशी एका भजेवाल्याने गाडा आणून लावला. धानोऱ्याची गाडी भरून आली. आणि याच मुहूर्तावर बन्सीधर सरांची रिक्षा दारात थांबली.

सर घाम पुसत उतरले. त्यांनी पाटी वाचली, गर्दी बघितली, पुन्हा पाटी वाचली.

"सिद्धोधन, हाच तो रिकामा दवाखाना?"

"सर, यात पेशंट फार थोडे आहेत."

"मग हे बाकीचे कोण?"

"हे मला माफ करायला आलेत."

सरांनी चष्मा काढून पुसला. सिद्धोधनचा चेहरा रडवेला झाला, पण तो हटला नाही. "सर, गर्दीकडं बघू नका, दाराकडं बघा," तो म्हणाला. सरांनी बघितलं. धानोऱ्याची माणसं गाडीतून उतरून थेट आत जात होती आणि लगेच औषध घेऊन बाहेर येत होती. आत रांग म्हणून नव्हतीच. पण बाहेर आलेला माणूस घरी काही जात नव्हता. तो व्हरांड्यात जागा शोधून निवांत बसत होता.

"यांचं तर झालंय," सर म्हणाले. "मग बसलेत कशाला?"

"परतीची गाडी दुपारून हाय," एक म्हातारा म्हणाला. "हितं पंखा हाय, पानी हाय, चार मानसं हायत. घरी कोन बोलतंय?"

सिद्धोधन त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिला आणि एकाएकी त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रांग आत नको होती, बाहेर मात्र माणूस हवा होता. "मावशी!" तो ओरडला. "आजपासून ज्याचं काम झालंय त्याला रस्त्याकडच्या बाकावर बसवायचं. त्याला चहा द्यायचा. अन् गाडी येईपर्यंत कुणाला उठवायचं न्हाई!"

हे ऐकून सर काहीतरी बोलणार होते, पण उन्हाने त्यांना एकदम गरगरलं आणि त्यांनी खांब धरला. मावशींनी क्षणाचाही विलंब न लावता त्यांचं बखोट धरलं आणि थेट आत नेलं. ताईने बीपी बघितला, नाडी बघितली, छातीला नळी लावली, काही प्रश्न विचारले, गोळी लिहून दिली, लोणचं आणि पापड बंद केले. सर बाहेर आले तेव्हा त्यांच्यासाठी मागवलेला चहा अजून वाफाळत होता.

"बघितलंत सर?" सिद्धोधन आनंदाने फुलून गेला होता. "क्षणभरसुद्धा थांबावं लागलं नाही!"

 सरांनी एकदा बंद दाराकडे बघितलं, मग त्याला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला.

"ते सगळं बरोबर आहे रे. पण इतक्या लवकर कसं झालं? ताईंनी नीट तपासलं ना? परभणीत कुठंही गेलो तरी निम्मा दिवस बसवून घेतात."

"बसा की सर मंग," आश्रुबा बाकावर सरकत म्हणाले. "जरा बसलं की बरं वाटतंय."

बन्सीधर सरांनी रिक्षावाल्याला हातानेच थांबायची खूण केली. शर्टाचं वरचं बटण सोडलं, चपला काढल्या आणि बाकावर ऐसपैस मांडी घातली. चहाचा घोट घेऊन त्यांनी शेजारी बसलेल्या चतुराबाईंकडे वळून विचारलं, "तुम्हाला काय त्रास आहे, मावशी?"

चतुराबाई वाटच बघत होत्या.