राजरत्नची यॉट

राजरत्न लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. डिलाईल रोडच्या चाळीतल्या एका खोलीत चौदा महिने खपून त्याने रिमोटवर चालणारी शिडाची यॉट बांधली. तिला इंजिन नव्हतं. रिमोटने फक्त सुकाणू वळायचं आणि शिडाची दोरी सैल-ताठ व्हायची, बाकी सगळा वाऱ्याचा कारभार. चौदा महिने त्याची बायको माया वॉर्निशच्या वासात झोपली होती आणि डोलकाठी ओलांडून ताटावर बसली होती. रविवारी सकाळी ती त्याच्यासोबत माहीमच्या किनाऱ्यावर आली, कारण एकटा गेला की हा माणूस जेवायला परतत नाही, हा तिचा अनुभव होता.

यॉट पाण्यात सुटली आणि डौलात निघाली. राजरत्न असा हसला की तसं हसू मायाने लग्नातही पाहिलं नव्हतं. मग त्याने वळवायला रिमोटवरची खुंटी दाबली. यॉट वळली नाही. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता आणि यॉट बघता बघता रिमोटच्या टप्प्याबाहेर गेली होती. तो रिमोट डोक्यावर धरून कमरेपर्यंत पाण्यात शिरला आणि तिथेच अडला. त्याला पोहता येत नव्हतं.

जवळच जाळं निवडत बसलेली जाईबाई सगळं बघत होती. "दादा," ती म्हणाली, "चौदा महिन्यांत चार दिवस पोहायला शिकला असतात तर?"

तिचा नवरा धोंडू म्हणाला, तुम्ही बसा, मी होडी घेऊन जातो नि उचलून आणतो. पण परका माणूस डोलकाठीला धरून उचलेल या धास्तीने राजरत्नने ऐकलं नाही. रिमोट मायाच्या हातात कोंबून तो होडीत चढला. आयुष्यात पहिल्यांदाच.

दहा मिनिटांत सकाळचे पोहे समुद्राला मिळाले. पुढच्या पाचात होडीच्या पंख्यात कुणीतरी फेकलेली गोणी अडकली आणि इंजिन बंद पडलं. धोंडू वाकून गोणी कापत बसला, राजरत्न दुसऱ्या बाजूला वाकलेलाच होता. परत जायचं का, असं धोंडूने दोनदा विचारलं. राजरत्नने तोंड पुसून दोन्ही वेळा नाही म्हटलं.

तासाभराने वारा फिरला, समुद्राकडून सुटला. यॉट त्यांच्या होडीच्या हातभर अंतरावरून किनाऱ्याकडे निघाली. राजरत्न झेपावला, धोंडूने कॉलर धरली म्हणून वाचला. यॉट पुढे गेली आणि टप्प्यात येताच झोकात वळली. नांगरलेल्या दोन होड्यांच्या मधून गेली, परत फिरली, पुन्हा गेली. वारा असं चालवत नाही, हे त्यालाही कळलं.

इंजिन काही सुरू झालं नाही. वल्ही मारत दोघे किनाऱ्याला पोचले तेव्हा मायाभोवती अर्धा कोळीवाडा जमला होता. राजरत्नने हात पुढे केला. तिने पाण्यावरची नजर काढली नाही.

"थांबा जरा, आत्ता कुठे वारा कळायला लागलाय," ती म्हणाली. "तुम्ही चहा घ्या. चेहरा बघा कसा झालाय."

राजरत्न जाईबाईशेजारी वाळूत बसला. यॉट एकदा पार आडवी झाली तसा तो ताडकन उठला. ती सावरली. तो खाली बसला आणि गुपचूप चहा प्यायला.

पुढच्या रविवारी सहालाच मायाने त्याला हलवून उठवलं. ती तयार होऊन, यॉट काखेत धरून उभी होती.

"उठा, आठची भरती आहे. आणि येताना लाकूड बघू," ती म्हणाली. "तुम्हालाही एक लागेलच ना."