सलीमभाईंची बादली

दुसऱ्याच्या घरी गेलं की लोक आधी माणसांकडे बघतात, आमचे सलीमभाई डब्यांकडे बघतात. पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी माझ्या बायकोची लोणच्याची बरणी उचलली, उलटी केली, कानाशी नेऊन हलवली आणि म्हणाले, "वहिनी, हे झाकन काही कामाचं नाही." तोवर बरणीतलं तेल माझ्या पायजम्यावर आलं होतं.

यवतमाळच्या आमच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत सलीमभाई तंत्रज्ञ, मी तिथला स्टोअरकीपर. त्यांच्या वडिलांचं पांढरकवड्याला हायवेवर पंक्चरचं दुकान होतं. मुलगा शिकला, त्याने पांढरा कोट घातला, पण डोकं काही त्या दुकानातून बाहेर आलं नाही.

बोंडअळीने कापसाची पार वाट लावली, त्या वर्षांत फवारणीचं विष चढलेली माणसं आमच्याकडे यायची. पुढे कधी तपासायचं झालं तर असावेत, म्हणून त्यांच्या रक्ताचे नमुने डीप फ्रीजरमध्ये ठेवत असू. ते वर्षानुवर्षं टिकावेत यासाठी चांगल्या नळ्या निवडायच्या, असं ठरलं. बोटाएवढ्या प्लास्टिकच्या नळ्या. दहा मिनिटांचं काम. सलीमभाईंनी त्याला तीन महिने लावले.

नागपूरचा सेल्समन नळ्यांचे नमुने घेऊन आला. सलीमभाईंनी नळ्यांत रंगीत पाणी भरलं, आठ दिवस गोठवलं, मग बादलीत बुडवून स्वतः उकिडवे बसले.

"पाहा, येऊन राह्यला न बुडबुडा! दाबाचं झाकन बर्फ उचलते. मले फिरवून लावाचं, आट्याचं पाहिजे, आतून रबर असलेलं."

सेल्समनची काचेची नळी त्यांनी त्याच्यादेखत फरशीवर सोडली. बिचारा पुन्हा फिरकला नाही. दुसऱ्या कंपनीच्या नळीवरचं लेबल थंडीत सुटलं, तिसरीवरची शाई स्पिरिटच्या बोळ्याने पुसली गेली. शिपायापासून डॉक्टर मॅडमपर्यंत सगळे हसायचे. मी तर तोंडावरच म्हणायचो, "सलीमभाई, नळी निवडून राह्यले का जावई?"

"जावयाले समजावता येते, भाऊ. नळी उघडली तं उघडली," ते गंभीरपणे म्हणायचे. या माणसाला थट्टासुद्धा कळत नाही, म्हणून मला आणखी चेव यायचा.

शेवटी माझा संयम सुटला. दाबाच्या झाकणाच्या नळ्या घ्यायचा कागद मी परस्पर तयार केला आणि सलीमभाईंची सही घ्यायला फ्रीजरपाशी गेलो. ते जाड हातमोजे घालून एक जुना खोका बघत होते. आत अकरा नळ्या, आणि एकीवरही नाव नाही.

"हे बिननावाचं कायले सांभाळून राह्यले? फेका, जागा होईल."

त्यांनी आधी खोका आत ठेवला, फ्रीजरचं दार लावलं, मग सावकाश हातमोजे काढले.

"सुरुवातीले मीच चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, भाऊ. साध्या डिंकानं. एक दिवस लाईन गेली, वरचं बर्फ वितळलं, अन् साऱ्या चिठ्ठ्यायचा खाली लगदा झाला." त्यांनी हातमोजे फ्रीजरवर ठेवले. "त्यातली एक नळी आमच्या युनूसची हाय. माह्या लहान भावाची. रोजानं फवाराले जाये. इथंच आनला होता, तिसऱ्या दिवशी गेला. त्याची कोनती, मले मालूम नाही. म्हनून अकराही ठेवतो."

तीन महिने मी या माणसाला चारचौघांत हसत होतो. मला स्वतःची लाज वाटली. सहीचा कागद मी घडी करून खिशात घातला.

"आट्याच्या नळ्या पाहून झाल्या का तुमच्या?"

"दोन राह्यल्या अजून."

मी बादली उचलली आणि नळाखाली लावली.