उजव्या हाताची बांधी

नीलाचा चौथा फोटो सापडत नव्हता. घरात माणसं चार. बाबा दुधराम यांना फोटो पाहायला आधी चष्मा शोधावा लागे आणि चष्मा सापडेपर्यंत फोटोचं ते विसरून जात. आई कुंदाबाई पहाटेच दुसऱ्याच्या शेतात धानाच्या रोवणीला गेली होती. नीला स्वतः तर चोर असणं शक्य नव्हतं. उरली धाकटी चंदा. ती ताटलीत मान घालून शिळा भात अशी खात होती, जणू भाताखाली तिचं काही हरवलं आहे.

"चंदे, फोटो दे."

"कोनता फोटो?"

नीलाचं डोकं इथेच तापलं. 'माह्याजवळ नाही' म्हटली असती तर एक वेळ चाललं असतं. कोणता, असं विचारणाऱ्यानेच फोटो घेतलेला असतो.

२००३ सालची गोष्ट. नीला फुलचूरला मामाकडे दोन वर्षं राहून बारावी झाली होती आणि एप्रिलमध्ये घरी परतली होती. आता गोंदियाला नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता आणि उद्या शेवटची तारीख होती. तालुक्याच्या गावी, गोरेगावच्या स्टुडिओत तिने चार फोटो काढून घेतले होते. फोटोवाल्याने 'हसा थोडं' म्हटलं, ती हसली, आणि जन्मात पहिल्यांदा तिचा फोटो चांगला आला. तीन फॉर्मसाठी, एक हाताशी असावा म्हणून. तो हाताशी नव्हता.

त्यात बाबांची अट. चिन्नोरची बांधी, म्हणजे खाचर, आज रोवून लागली पाहिजे, लागली की उद्या खुशाल जा. नाही लागली तर कुठे जायचं नाही. चिन्नोर म्हणजे बारीक, वासाचा धान. एका घरात शिजला की शेजारच्या घरात भूक लागते. दुधरामने त्याचं बियाणं एका सोयऱ्याकडून हातापाया पडून आणलं होतं, आणि त्याचे परे, म्हणजे रोपं, एका बांधीपुरतेच उगवले होते. निघताना त्याने नीलाला नीट समजावलं. बोरीच्या झाडाच्या दिशेनं धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधावरून, सरळ जायचं. धुरा संपत आला की उजव्या हाताची बांधी आपली.

"अन् डाव्या हाताची?"

"त्या मानसाची," दुधराम म्हणाला.

तो माणूस म्हणजे उदाराम. तीन वर्षांपासून दोघांचं बोलणं बंद होतं. उदाराम आपल्या बाजूने फावड्याने धुरा तासतो असं दुधरामचं म्हणणं, आणि दुधराम त्याच्या बाजूने तासतो असं उदारामचं. दोघांचंही खरं असावं. कारण एके काळी त्या धुऱ्यावरून बैलजोडी जायची, आणि आता एकट्या माणसाला दोन्ही हात पसरून, तोल सांभाळत जावं लागे.

त्या धुऱ्यावरून दोघी बहिणी निघाल्या. पुढे नीला, मागे चंदा, दोघींच्या डोक्यावर पऱ्यांच्या जुड्यांची टोपली. चंदा मागून गुणगुणत होती. ज्याच्यावर चोरीचा आळ आहे त्याने गुणगुणावं, हे नीलाला सहन झालं नाही. धुऱ्याच्या शेवटाला ती थांबली आणि टोपलीसकट गर्रकन मागे वळली.

"आता आईक. फोटो देत नाही तोपर्यंत तोंडातून एक शब्द काढू नको. एक जरी काढला, त मी गोंदियाहून दिवाळीलेबी येनार नाही."

एवढं बोलून ती तशीच, चंदाकडे तोंड असतानाच, उजव्या हाताला खाली उतरली.

चंदाने तोंड उघडलं.

"एक शब्दबी नाही," नीलाने बोट दाखवलं.

चंदाने तोंड मिटलं.

दोन्ही बांध्या आदल्या दिवशीच चिखलून ठेवलेल्या, दोन्हींत घोटाभर पाणी, दोन्हींत एकसारखा चिखल. दोन वर्षं फुलचूरला राहिलेल्या, त्याआधीही या बाजूला रोवायला न आलेल्या पोरीने काय ओळखावं? चंदाने मात्र तीन वेळा प्रयत्न केला. आधी ती खोकली, आणि खोकून पलीकडच्या बांधीकडे हनुवटी उडवली. नीलाला वाटलं, ही आपल्याला वेडावते आहे. मग चंदाने आपलं बोट एकदा जमिनीकडे केलं, एकदा धुऱ्यापलीकडे केलं आणि मान हलवली. नीलाने पाठ फिरवली. शेवटी चंदा टोपली घेऊन सरळ पलीकडच्या बांधीत जाऊन उभी राहिली. कामचोर कुठली, म्हणून नीला गेली आणि तिला वेणीला धरून परत घेऊन आली. त्यानंतर चंदालाही राग आला. तिने ओढणी कमरेला खोचली आणि अशी रोवायला लागली की प्रत्येक रोप चिखलात नाही, कोणाच्या तरी डोक्यात रोवते आहे.

रागाने काम चांगलं होतं, हे मात्र खरं. दुपारपर्यंत अर्धी बांधी हिरवी झाली.

दुपारी उदाराम आला. आठ दिवस मजूर मिळत नाहीत म्हणून तो गावभर शिव्या देत फिरत होता, आणि मोठ्या मिनतवारीने उद्यासाठी सहा बाया ठरवून आला होता. त्याने बांधीकडे पाहिलं, पोरींकडे पाहिलं, मग बोरीखाली दुपट्टा अंथरला, तंबाखू मळली आणि बसला. संध्याकाळपर्यंत तो तिथून उठला नाही. आपल्या कामाकडे परका माणूस एवढं काय पाहून राहिला, म्हणून नीलाचा राग आणखी चढला.

त्याच दुपारी धुऱ्यावरून शेजारची अल्कावहिनी शिदोरी घेऊन चालली होती. ती थबकली आणि तिचा चेहरा उजळला.

"अवं नीला, शेवटी मानले वो तुहे बाबा?"

गोंदियाला जायचं विचारते आहे, असं नीलाला वाटलं. "मानले. आईनं समजावलं त्याईले."

"लय चांगलं झालं बाप्पा. किती दिवस चालनार होतं असं."

अल्कावहिनी पुढे गेली आणि वाटेत जे भेटेल त्याला सांगत गेली की दुधराम-उदारामचा समेट झाला, आणि दुधरामने मोठ्या मनाने आपल्या दोन्ही पोरी उदारामच्या रोवणीला धाडल्या. तळ्याजवळच्या शेतात कुंदाबाईच्या कानावर हे पोचलं तेव्हा तिच्या हातातली जुडी तिथेच पडली. समजावल्याचं श्रेयही तिलाच मिळालं होतं, आणि समेटाबद्दल तर तिने अक्षरही काढलं नव्हतं.

दिवस कलायला आला तेव्हा नीलाने शेवटची जुडी लावली आणि कंबर धरून उभी राहिली. एका बाजूने आई येत होती, दुसऱ्या बाजूने बाबा. दोघंही पळत.

"हे कोनाची बांधी हाय?" दुधरामने धुऱ्यावरूनच विचारलं.

"आपली. उजव्या हाताची."

दुधरामने आपला उजवा हात लांब केला. समोर उभ्या नीलानेही आपला उजवा हात लांब केला. दोन उजवे हात दोन दिशांना दाखवत होते. नीला काही वेळ बापाच्या हाताकडे पाहत राहिली, मग स्वतःच्या हाताकडे, आणि मग तिने तो हळूच खाली घेतला.

"चंदे," ती वळली. "तुले माहीत नोतं?"

चंदा गप्प.

"तुले विचारून राहिली ना मी."

"बोलू?" चंदाने विचारलं.

"बोल."

"माहीत होतं."

"मंग?"

"तूच म्हटली ना, एक शब्दबी नाही म्हनून. दिवाळीले येनार नाही म्हटली."

दुधरामने कपाळावर हात मारला आणि आभाळाकडे पाहून विचारलं की इथे दुसरं कोणी डोळे असलेलं माणूस बसलं नव्हतं का दिवसभर. त्यावर बोरीखालून उदाराम झाडाच्या बुंध्याला म्हणाला, "ज्याच्यासंग बोलनं बंद हाय, त्याच्या पोरीईसंग मी काऊन बोलू?"

रोवलेले परे उपटावे तर मुळं तुटतात. ठेवावे तर चिन्नोर त्या माणसाच्या पोटात जाणार.  अखेर दुधरामच्या तोंडून जे निघालं ते पोरीवर निघालं. आपली बांधी तशीच पडली आहे, उद्या गावोगाव परे मागत फिरावं लागेल आणि मिळाले तर सगळ्यांनी मिळून लावावे लागतील, असं त्याने सुनावलं. "उद्या कोनी कुठी जाऊन नाही राहिलं," असं म्हणून तो धुऱ्यावर खाली बसला.

 चिखलाने भरलेल्या हातांनी नीलाने डोळे पुसले आणि सगळा चेहरा चिखलाचा करून घेतला. तो चेहरा चंदाने पाहिला. पाहिला आणि ती उठून धुऱ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, एका हाताला बाबा, एका हाताला उदाराम.

"बाबा, काकाईले काही सांगाचं हाय का?"

"सांग त्याले, चोरा, दिवसभर मजा पाहत बसला, लाज वाटत नाही का म्हना."

चंदा उदारामकडे वळली. "काका, बाबा म्हनते, तुमचे परे औंदा लय चांगले निघाले."

दोन बापयांमध्ये अंतर असेल तीन-चार हातांचं. दोघांनी दोन्ही वाक्यं नीट ऐकली होती. उदारामने तंबाखू थुंकली. "सांग तुह्या बापाले, आधी फावडा घरी ठेवून ये म्हना."

"बाबा, काका म्हनते, उद्या त्याईच्या सहा बाया येऊन राहिल्या अन् त्याईले कामच नाही. बांधी त लागून गेली."

पुन्हा दोघांनी सगळं ऐकलं. कोणीही 'मी असं म्हटलं नाही' असं म्हटलं नाही. कुंदाबाईने तोंडावर पदर घेतला. ती रडत होती की हसत होती हे नीलाला कळलं नाही.

"जाड धान हाय त्याचा," दुधराम पुटपुटला.

"जाडच हाय," उदाराम म्हणाला. "पन उपाशी त नाही ठेवत."

"बाया किती वाजता येतीन?"

"आठले."

एवढं बोलून झाल्यावर दोघांच्या लक्षात आलं की मध्ये चंदा नव्हती. ती केव्हाच बाजूला होऊन पाय धूत होती. दुधरामने घाईने पश्चिमेकडे पाहिलं, उदारामने पूर्वेकडे. पण बोललेलं परत तोंडात घालता येत नाही. उदारामचे परे दुधरामच्या बांधीत लागायचं ठरलं, आणि उद्याचं नीलाचं जाणंही.

सकाळी चंदाने शाळेचं दप्तर हँडलला अडकवून सायकल काढली. मागे नीला, नीलाच्या मांडीवर पिशवी. गोरेगावपर्यंत नीला तिच्याशी बोलली नाही. तिच्याजवळ रागवायला पुष्कळ काही होतं. फोटो होता, नखांतला चिखल होता, गावभर झालेलं हसू होतं, आणि आता घर मागे जात होतं त्याचाही राग होता, फक्त तो कोणावर काढायचा हे ठरत नव्हतं. स्टँडवर चंदाने काही सांगायला तोंड उघडलं तर नीलाने कालचंच बोट दाखवलं. फोटो अजून मिळाला नव्हता, म्हणजे कालचा हुकूमही चालू होता.

स्टँडवर दोन बसगाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. नीला तडक जवळच्या गाडीत चढली आणि खिडकीशी जाऊन बसली. खाली चंदा सायकल धरून उभी होती. तिने गाडीची पाटी वाचली, मग नीलाकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटले. काल धुऱ्यावर मिटले होते तसेच.

गाडी सुरू झाली. कंडक्टरने दोरी ओढली.

"ताई, उतर! अर्जुनी मोरगावची हाय थे!"

सगळा स्टँड वळून पाहू लागला. नीला पिशवी घेऊन, लोकांचे पाय तुडवत खाली उतरली. गोंदियाची गाडी शेजारीच होती, अजून पाच मिनिटं होती. ती चंदासमोर जाऊन उभी राहिली.

"काल काऊन नाही ओरडली अशी?"

चंदा सायकलच्या घंटीवरचा गंज खरवडत होती. "काल आपली बांधी नसती लागली, त तू घरीच राहिली असती."

नीलाने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मंग आजबी गप राह्यचं होतं. आजबी घरीच आली असती."

"गपच होती मी," चंदा चिडून म्हणाली. "गाडी हालली अन् शब्द निंगून गेला तोंडातून."

मग तिने दप्तरातून कंपासपेटी काढून उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला, भाताच्या शितांनी डकवलेली, नीला हसत होती. चंदा नखाने फोटोचा कोपरा सोडवायला लागली. शीत वाळून दगड झालं होतं. आणखी ओढलं असतं तर नीलाचं अर्धं हसू पेटीला राहिलं असतं.

"राहू दे," नीला खेकसली. "तीनच लागते." आणि गोंदियाच्या गाडीत, पाटी दोनदा वाचून, ती चढली.

गोंदियाला फॉर्मच्या खिडकीवरच्या बाबूने फॉर्म पाहिला. चार फोटो लागतात, म्हणाला. समोरच स्टुडिओ होता. फोटोवाल्याने दिवे लावले आणि दोनदा सांगितलं, "दीदी, थोडा मुस्कुराइए." दोन दिवसांचा राग साठवून बसलेल्या माणसाला हे सांगायचं नसतं. फोटोत भुवया तेवढ्या आल्या.

नेमका तोच फोटो तिच्या ओळखपत्रावर लागला. पुढे कितीतरी वर्षं नीला सिस्टरचं ते ओळखपत्र पाहून पेशंट मुकाट्याने तोंड उघडून गोळी घेत. ती दिवाळीला आली, दर दिवाळीला आली. त्या साली संक्रांतीच्या सुमाराला उदारामच्या घरून चिन्नोरचा वास यायचा, आणि दुधराम त्या घरापुढून जाताना हळू चालायचा. एके दिवशी फारच हळू चालला, तेव्हा उदारामने त्याला आत जेवायला बोलावलं.

चंदा दहावीपर्यंत तीच कंपासपेटी वापरत होती. वर्गात कोणी पट्टी मागितली तर ती द्यायची, कर्कटक मागितलं तर तेही द्यायची. पेटी मात्र तिने कोणाला हातात दिली नाही.